एकच टाइपफेस आणि युरोपातल्या चोवीस भाषा: कुठे काय खटकतं ते सांगा

वळणदार (सोमवार, रात्री ९.४०)

मंडळी, जरा लांबण लावतोय, पण कामाचं आहे.

आम्ही दोघं-तिघं मिळून पुण्यात फाँट बनवायचा धंदा करतो. चाकणकडच्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीसाठी मागे एक फाँट केला होता. देवनागरी आणि इंग्रजी, लाइटपासून ब्लॅकपर्यंत पाच वेट (म्हणजे पाच जाड्या), शिवाय इंग्रजीला इटालिक. आता त्यांचा माल युरोपात निघालाय. तिथला नियम असा की ज्या देशात यंत्र विकायचं, त्या देशाच्या अधिकृत भाषेत सूचनापुस्तिका द्यावीच लागते. (२००६ चा यंत्रांविषयीचा निर्देश. त्याच्या जागी २०२३ चा नवा कायदा २० जानेवारी २०२७ पासून.) युरोपियन युनियनच्या अधिकृत भाषा २४, लिप्या तीन: लॅटिन, ग्रीक, सिरिलिक. वर यांना तुर्कीही हवी.

त्यांच्या खरेदी विभागाचं म्हणणं, "इंग्रजी तर झालेलंच आहे, वर टोप्या चढवायच्या. त्याचे एवढे पैसे?" माझं म्हणणं असं की फाँटात अक्षर असणं वेगळं आणि त्या भाषेच्या माणसाने ते न अडखळता वाचणं वेगळं. काम सगळं त्या मधल्या अंतरात आहे. हे पटवायला उदाहरणं हवीत. इथे डीटीपीवाले आहेत, जर्मन शिकवणारे आहेत, तिकडे राहणारे आहेत. टाइपातलं काही कळत नसलं तरी चालेल, वाचताना कुठे खटकतं तेवढं लिहा.

खडूस_कोथरूडकर (सोमवार, रात्री ९.५२)

गूगलचा नोटो फाँट फुकट मिळतो. सगळ्या भाषा आहेत. धागा संपला.

वळणदार (सोमवार, रात्री १०.०५)

खडूसराव, हे मी त्यांना आधीच सांगितलंय. पुस्तिकेच्या आतल्या मजकुराला खुशाल नोटो लावा, लायसन्सही मोकळं आहे. पण पंपावरची पट्टी, खोका, वेबसाइट, सगळं त्यांच्या फाँटात आहे आणि त्यांना वारसापासून अथेन्सपर्यंत तोच चेहरा हवाय. त्यांचा पैसा, त्यांची हौस. मी कशाला अडवू?

बटणदाबे (सोमवार, रात्री १०.३१)

मी हौशी माणूस, पण ग्लिफ्स हे फाँट बनवायचं ॲप बऱ्यापैकी वापरतो. मूळ अक्षरावर एक अँकर (खूण कुठे जोडायची तो बिंदू), खुणेवर एक अँकर, मग दोन्ही जोडायचं काम सॉफ्टवेअर करतं. युनिकोड, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणारी जागतिक यादी, त्यातला लॅटिन एक्स्टेंडेड-ए हा खुणांच्या अक्षरांचा अख्खा ब्लॉक १२८ जागांचा. जेवून बसलं तर चहापर्यंत होतं. खरेदी विभागाचं काय चुकलं?

वळणदार (सोमवार, रात्री ११.२०)

चहापर्यंत होतं हे खरं आहे. चहानंतर काय उरतं ते सांगतो.

पोलिशमध्ये ए आणि ई या अक्षरांना खाली एक शेपटी येते, ओगोनेक. नीट अँकर दिले नाहीत तर सॉफ्टवेअर ती मधोमध चिकटवतं, फ्रेंचमधल्या सी-खालच्या सेडिलासारखी. पोलिश वाचकाची शेपटी अक्षराच्या उजव्या पायातून निघते. छोट्या ए-ची उभी रेघ जिथे खाली टेकते तिथून ती सलग वळत उतरते आणि उजवीकडे उघडते. ई-ला उभी रेघच नाही, तिथे खालच्या वळणाच्या उजव्या भागातून काढावी लागते, म्हणजे तीच शेपटी जशीच्या तशी चालत नाही. जोड दिसता कामा नये. लिथुएनियनमध्ये हीच शेपटी आय आणि यू-लाही लागते. आता लाइटमध्ये सुरेख दिसणारी शेपटी ब्लॅकमध्ये जाड केली की आतली फट बुजते आणि अक्षराखाली नुसता डाग उरतो. मग दोन्ही टोकांचे मास्टर (मूळ आराखडे) हाताने काढायचे, मधले वेट इंटरपोलेशनने, म्हणजे सॉफ्टवेअरच्या हिशोबाने, कसे येतात ते बघायचं, परत मागे जायचं. इटालिकला सगळं पुन्हा.

दुसरं, अक्षरावरची तिरपी रेघ. फ्रेंच ॲक्यूट बराच कललेला चालतो. पोलिश क्रेस्का त्यापेक्षा उभट, आणि अक्षराच्या मध्यापासून किंचित उजवीकडे. पण युनिकोडला हा फरक ठाऊक नाही. स्पॅनिश ओ-वरची रेघ आणि पोलिश ओ-वरची रेघ, दोघींचा क्रमांक एकच. पोलिशसाठी वेगळी अक्षरं करून ओपनटाइपच्या लोकल फीचरमध्ये (भाषेनुसार अक्षराचं रूप बदलणारी फाँटातली सोय) ठेवता येतात. मात्र ते फीचर चालायला मजकुराला भाषेचा टॅग लागतो, आणि रात्री अकराला पुस्तिका संपवणारा ऑपरेटर टॅग लावेल यावर मी पैज लावणार नाही. म्हणून सगळ्यांना चालेल असा मधला कोन घ्यायचा माझा विचार आहे. पोलिश जाणकार याला तडजोड म्हणतील. आहेच ती.

चाचणीला वूच हे शहर बरं पडतं. पोलिशमध्ये चार अक्षरांचं नाव, त्यातल्या तीन अक्षरांना खुणा: कॅपिटल एल-ला आडवी कापणारी रेघ, ओ-ला आणि झेड-ला क्रेस्का. ते ब्लॅकमध्ये लावून बघा. एल-ची रेघ किती लांब, कुठल्या उंचीवर, शेजारच्या ओ-ला टोचते का, हे सगळं एका शब्दात कळतं.

नारायणपेठी_छपाई (मंगळवार, सकाळी ११.१५)

तुम्ही लोक अक्षर बघता, आम्हाला पान संपवायचं असतं. तरी लिहितो, कारण या पुस्तिकांवर आमचं पोट आहे.

"सावधान" हा एकच शब्द सगळ्या भाषांत लावून बघा, निम्मा निकाल लागतो. पोलिशमध्ये उवागा. एकही खूण नाही! पट्टी झकास छापून येते आणि साहेब म्हणतात पोलिश झालं. आतल्या पानावर "ओस्त्झेझेन्ये" (इशारा) आलं की झेड-वरचं टिंब गायब.

रोमानियनमध्ये आतेन्त्सिए. यातल्या टी-खाली स्वल्पविराम लागतो, एस-लाही तसाच. गंमत अशी की स्वल्पविरामवाली ही अक्षरं युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आली १९९९ साली. तोवर रोमानियन लोक सेडिलावाल्या अक्षरांवर भागवत होते, आणि त्यातला एस खरा तुर्कीचा. आजही भाषांतराची फाइल येते तेव्हा कधी सेडिला, कधी स्वल्पविराम, कधी एकाच परिच्छेदात दोन्ही. फाँटात अक्षर नसेल तर इनडिझाइन निदान गुलाबी करून दाखवतं. वर्ड गपचूप दुसऱ्या फाँटातून उचलतो. ठळक मथळ्यात सहा अक्षरं तुमच्या फाँटाची आणि टी भलत्याच घरचा. आमच्या एका गिऱ्हाइकाने तशाच पट्ट्या छापून डब्यांवर चिकटवल्या होत्या, प्रूफवर सही त्यांचीच.

तुर्की त्याहून वाईट. तिथे आय दोन, एक टिंबाचा आणि एक बिनटिंबाचा, आणि दोन्ही कॅपिटलमध्येही वेगळेच राहतात. "दिक्कात" छोट्या अक्षरांत टाइप केलं आणि भाषा इंग्रजी ठेवून ऑल कॅप्स दाबलं की आय-चं टिंब उडालं. शिवाय तुमच्या फाँटात एफ आणि आय जोडणारं लिगेचर असेल तर तेही टिंब गिळतं. तुर्कीपुरतं ते बंद व्हायला हवं. डिझायनरने हे फाँटातच बांधून द्यावं, आमच्यावर सोडू नये.

वळणदार (मंगळवार, दुपारी १२.०२)

दादा, हे सोन्यासारखं आहे. सावधानची यादी कोटेशनच्या पहिल्या पानावर टाकतो. लिगेचरचं तुर्कीसाठी फीचरमध्ये लिहितोच. रोमानियनमध्ये सेडिलाचा क्रमांक आला तरी टॅग असेल तर स्वल्पविरामाचं रूप दिसेल असंही करता येतं.

लाटव्हियनमध्ये याच घराण्यातली आणखी एक गंमत. के, एल, एन-च्या खाली स्वल्पविराम येतो. युनिकोडमध्ये त्या अक्षरांच्या नावात सेडिला लिहिलंय, आणि युनिकोड एकदा दिलेलं नाव बदलत नाही, त्यामुळे नाव वाचून काम करणारा सरळ सेडिला लावून मोकळा होतो. छोट्या जी-ला खाली आधीच शेपूट, म्हणून तिथे स्वल्पविराम उलटा होऊन डोक्यावर बसतो. बटण दाबून हे कळत नाही.

मृण्मयी_ज (मंगळवार, दुपारी ४.४८)

फाँटातलं मला ओ की ठो कळत नाही, पण जर्मन शिकवते. (हो हो, पुण्यात जर्मन शिकवणारी आणखी एक. हसून घ्या.)

विद्यार्थी एस्त्सेटच्या (दोन एस-च्या जागी येणारं जर्मन अक्षर) जागी सर्रास ग्रीक बीटा टाकतात आणि बऱ्याच फाँटात दोन्ही इतके सारखे दिसतात की तपासताना मलाच चष्मा लावावा लागतो. बीटाची उभी रेघ ओळीच्या खाली उतरते, एस्त्सेटची नाही. निदान तेवढं स्पष्ट ठेवा. आणि कॅपिटल एस्त्सेट विसरू नका. ते युनिकोडमध्ये २००८ साली आलं, जर्मन शुद्धलेखनाच्या अधिकृत नियमांत २०१७ साली. श्ट्रासं म्हणजे रस्ता, हा शब्द अख्खा कॅपिटलमध्ये लिहिताना पूर्वी दोन एस करायचे, आता कॅपिटल एस्त्सेटही चालतं. छोटं अक्षरच ताणून मोठं केलेलं ओळखू येतं बरं का.

अवतरणचिन्हं! जर्मनमध्ये सुरुवातीचं खाली, शेवटचं वर. फ्रेंचमध्ये कोनांची जोडी आणि आत बारीकशी जागा. डेनिश पुस्तकांत तेच कोन आतल्या बाजूला तोंड करून. पुस्तिकेत बटणांची नावं अवतरणात असतात, म्हणजे पानोपानी हीच चिन्हं.

शेवटचं, आणि हे खटकतं एवढंच सांगू शकते, का ते तुम्ही सांगा. काही फाँटांमध्ये इंग्रजी छान दिसतं पण जर्मन लावलं की पान ठिपक्याठिपक्यांचं होतं.

वळणदार (मंगळवार, संध्याकाळी ६.३०)

मृण्मयीताई, त्याचं कारण कॅपिटल्स. जर्मनमध्ये प्रत्येक नाम कॅपिटलने सुरू होतं. इंग्रजीत ओळीत एखाद-दुसरं कॅपिटल असतं, त्यामुळे ते जरा उंच, जरा काळं असलं तरी निभतं. जर्मनमध्ये तेच पानभर खिळे ठोकल्यासारखं दिसतं. म्हणून कॅपिटल्सची उंची बी, डी, एच-च्या दांड्यापेक्षा थोडी कमी ठेवायची आणि त्यांची जाडी छोट्या अक्षरांच्या जवळ आणायची. आमच्या फाँटात कॅपिटल्स मोठीच आहेत, कारण मूळ काम इंग्रजी मथळ्यांचं होतं. ती आता उतरवायची म्हणजे सगळ्या वेटमधून आणि त्यांचं कर्निंग (अक्षरजोड्यांमधलं अंतर) नव्याने. टोप्यांपेक्षा हे काम मोठं निघणार, आणि खरेदी विभागाच्या यादीत त्याला रकानाच नाही.

ब्रनोकर (मंगळवार, रात्री १०.१०, तिकडे अजून संध्याकाळ)

मूळचा कर्वेनगरचा, सध्या चेकियातल्या ब्रनोत. चेक रोज वाचतो, म्हणून लिहितो.

लहानपणी शाळेचे बूट घेतलेले ते बाटा म्हणजे इथलं झ्लीन गाव, १८९४. चेकमध्ये त्या नावातल्या टी-ला खूण आहे. कॅपिटलमध्ये लिहिलं तर टी-च्या डोक्यावर रीतसर टोपी येते. छोट्या टी-ला वर जागा नाही, म्हणून उजव्या खांद्याशी एक छोटी पाचर. डी-चंही तसंच. स्लोव्हाकमध्ये एल-ला तर कॅपिटलमध्येसुद्धा पाचरच. बाहेरचे लोक काय करतात, तिथे अपॉस्ट्रॉफी उचलून ठेवतात. ती जाड असते, वर डोकं मोठं, वाकलेली, आणि स्वतःची जागा घेऊन बसते. मग बाटा हा शब्द मधोमध तुटतो, पुढचा ए एकटा पडतो. खरी पाचर सडपातळ, साधी, अक्षराला बिलगलेली, आणि ती पुढच्या ए-च्या डोक्यावर झुकते.

याच्या उलट त्रास पुढे उंच अक्षर आलं की होतो. लोद्यका म्हणजे होडी. त्यात डी-च्या लगेच पुढे के. पाचर के-च्या दांड्यावर जाऊन आपटते. दुकानांच्या पाट्यांवर परदेशी फाँट ओळखायची माझी हीच खूण आहे.

तुमच्या चाकणमध्ये गाड्या बनवणाऱ्या श्कोडाच्या एस-वरही तीच टोपी आहे. २०२२ च्या नव्या अक्षरचिन्हात त्यांनी ती एस-मध्येच मिसळून टाकली. भारतात कोणी तिच्याकडे लक्ष देत नाही, इथे ती काढली तर लोक पत्रं लिहितील.

ऑफिसातल्या हंगेरियन सहकाऱ्यालाही विचारलं. तो म्हणाला, ओ-वर दोन टिंबं आणि ओ-वर दोन तिरप्या रेघा हे वेगळे स्वर आहेत, लहान टाइपात ते एकसारखे दिसले तर मी वाचणं सोडतो. दोन टिंबांचा ओ आणि टी म्हणजे पाच, दोन रेघांचा ओ आणि टी म्हणजे त्याला किंवा तिला. पट्टीवर सहा पॉइंटात रेघा आखूड केल्या की त्यांची टिंबंच होतात.

अक्षरशत्रू (बुधवार, सकाळी ९.०५)

सगळं वाचलं. प्रश्न असा की पोलिश शेपटी कुठून निघावी हे पुण्यात बसून का ठरवायचं? वारसात डिझायनर नाहीत का? उद्या कोणी पोलिश माणूस मराठी ळ काढायला बसला तर हाच धागा पेटेल.

नारायणपेठी_छपाई (बुधवार, सकाळी ९.४०)

पेटायला पोलिश माणूस कशाला, आपल्याच देशातले फाँट पुरेत. मराठीचा ल पाकळीचा, श देठाचा. शासनाने तसा निर्णयही काढलाय. तरी रोज दंडाचा ल आणि गाठीचा श असलेल्या जाहिराती येतातच की नाही? कोणी म्हणत नाही की वाचता येत नाही. वाचता येतं, पण पहिल्या ओळीत कळतं की हे मराठी माणसाने लावलेलं नाही. "तऱ्हा"मधला अर्धा र तर कित्येक फाँटांत अजूनही धड येत नाही.

वळणदार (बुधवार, सकाळी १०.२५)

शत्रूसाहेब, प्रश्न रास्त आहे. पण अक्षरं सरहद्दीपलीकडच्या लोकांनी काढायची पद्धत जुनीच आहे. चार्ल्स विल्किन्सने १८०८ साली लंडनमध्ये संस्कृत व्याकरण छापलं ते स्वतः घडवलेल्या देवनागरी टाइपात. त्याने ते जमवलं, कारण तो इथे राहून पंडितांकडून शिकला होता. माझं म्हणणं तेवढंच. काढणारा कुठला आहे यापेक्षा तो कुणाला विचारतो हे महत्त्वाचं. म्हणून कोटेशनमध्ये प्रत्येक भाषेमागे एका स्थानिक वाचकाच्या तपासणीचे पैसे वेगळे धरलेत. पहिल्यांदा कात्री त्याच ओळीला लागणार हेही ठाऊक आहे. लागू द्या, मी ती ओळ काढणार नाही.

दादांचा ल-श चा मुद्दा तांत्रिकदृष्ट्याही इथे चपखल बसतो. ज्या लोकल फीचरने एकाच फाँटात हिंदीला एक ल आणि मराठीला दुसरा देता येतो, तेच फीचर बल्गेरियनला लागतं. सिरिलिक म्हणजे रशियन असं धरून चालणारे इथेच फसतात. बल्गेरियात डी, एल, टी, के, झेड अशा कित्येक छोट्या अक्षरांचं वळण लपेटीकडे झुकलेलं पसंत करतात, कॅपिटल डी आणि एल त्रिकोणी. रस्त्यावर दोन्ही वळणं दिसतात, म्हणून दोन्ही द्यायची. सर्बियन युनियनमध्ये नाही, पण कंपनीचा तिथेही डीलर असला तर इटालिकमधला बी, जी, डी, पी, टी त्यांचा वेगळा. आत्ताच विचारून ठेवतो.

ग्रीकचं मी वेगळं कोटेशन देणार. १९८२ पासून एकाच स्वरचिन्हावर लिखाण चालतं, त्यामुळे खुणा थोड्या. पण अक्षरं लॅटिनवरून ओढूनताणून काढली की ग्रीक लॅटिनच्या कपड्यात दिसतं. ते काम मुळापासून आहे.

बटणदाबे (बुधवार, दुपारी १.१२)

बरं, बटण मागे घेतो, निम्मं. एक शंका. कॅपिटलवर टोप्या चढल्या की उंची वाढणार. चेक यू-वरचं कडं, स्वीडिश ए-वरचं कडं. विंडोजवर वरून कापलं जाणार नाही का? ओळींमधलं अंतर वाढवाल तर त्यांची जुनी सगळी पानं हलतील.

वळणदार (बुधवार, दुपारी १.५०)

इथे आपल्याला देवनागरीने वाचवलंय. फाँटात देवनागरी पहिल्यापासून असल्यामुळे वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार-जोडाक्षरं मावतील एवढी उंची आधीच धरलेली आहे. कॅपिटलवरच्या खुणा त्याच जागेत बसतात, मेट्रिक्सला (फाँटाच्या ठरलेल्या उंचीच्या मापांना) हात लावायचा नाही. निव्वळ इंग्रजीसाठी काढलेल्या फाँटवाल्याला हे सुख नाही. तरी कॅपिटलसाठी खुणांचा वेगळा, चपटा संच काढणार आहे. छोट्या अक्षरांच्या खुणा तशाच वर ठेवल्या तर त्या वरच्या ओळीच्या पायात घुसतात.

खडूस_कोथरूडकर (बुधवार, रात्री ८.३०)

धागा संपला नाही म्हणजे. मग ऐका, खरेदी विभागात मी पंचवीस वर्षं काढलीत. "भाषा २५, रक्कम अमुक" असं दिलंत तर ते २५ ने भागून दहा भाषा कापतील. टप्पे पाडा. पहिला टप्पा कॅपिटल्स आणि मूळ अक्षरांची दुरुस्ती, तो कापता येत नाही असं लिहा. दुसरा लॅटिनमधल्या सगळ्या भाषा एकगठ्ठा, भाषावार दर देऊच नका. माल्टीजच्या एच-वरची आडवी रेघ आणि पोलिश एल-ची रेघ एकाच बैठकीत होत असेल तर त्यांना वेगळं बिल कशाला दाखवायचं? तिसरा सिरिलिक, चौथा ग्रीक. वाचकांची तपासणी प्रत्येक टप्प्याच्या आत घाला, स्वतंत्र ओळ ठेवू नका. स्वतंत्र ओळ दिसली की आमचा हात शिवशिवतो.

वळणदार (बुधवार, रात्री ९.१५)

खडूसराव, दंडवत. असंच करतो.

ब्रनोकर, या आठवड्यात चेक आणि स्लोव्हाकचं पहिलं प्रूफ पाठवलं तर बघाल का? पिवळा घोडा सैतानी गाणी कण्हतो ते चेकचं नेहमीचं चाचणीचं वाक्य टाकतोच, त्यात सगळ्या खुणा येतात. हंगेरियन मित्रासाठी त्यांचा "आर्वीझत्यूर्यो त्युक्योरफूरोगेप" पण टाकतो, खुणांचे नऊच्या नऊ स्वर त्यात आहेत.

ब्रनोकर (बुधवार, रात्री ११.४०)

पाठवा. पण नुसतं चाचणीचं वाक्य नको, ते इथे प्रत्येक फाँटवाला तपासून घेतो. पंपाच्या पुस्तिकेतलं खरं पान द्या, आकड्यांसकट, बोल्ड मथळ्यांसकट. लोद्यका नसेल तर कुठेतरी घुसवा.

नारायणपेठी_छपाई (गुरुवार, सकाळी १०.५५)

पट्टीचंही प्रूफ करा, सहा पॉइंटात, चंदेरी स्टिकरवर. कागद मी देतो, दुपारी चारनंतर या. त्याआधी मशीनवर दिवाळी अंक आहेत.